परदेशातल्या बालवर्गावर शिकवायला जायचं असेल तर

जून २००० मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशीत आहेत. जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या त्या पिढीतल्या कितीतरी मुली आज तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळांत नर्सरी आणि केजीचे वर्ग सांभाळतात. इंग्रजी घेऊन बी.ए., त्यावर बी.एड. किंवा डी.एल.एड., चार-पाच वर्षांचा अनुभव, आणि पगार असा की कुणी विचारला तर सांगायला संकोच वाटावा. अशात मोबाइलवर जाहिरात येते: परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवा, राहण्याची सोय, विमानाचं तिकीट. वाटतं, दोन-तीन वर्षं जाऊन आलो तर घराचं कर्ज फिटेल, चार माणसं-चार देश पाहून होतील, परत आल्यावर चांगली शाळा मिळेल. लगेच दुसरा विचार येतो: माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, घरात अहिराणी बोलतात, मला कोण घेणार?

घेतात. सगळे देश घेत नाहीत, आणि जिथे घेतात तिथे जाहिरातीत लिहिलंय इतकं सोपंही नसतं. कुठे अर्ज करायचा, कोणते कागद लागतात, वर्गासाठी स्वतःला कसं तयार करायचं आणि फसवणुकीपासून कसं वाचायचं, हे सगळं क्रमाने पाहू. त्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. परदेशी शाळेला तुमच्याकडून जे हवं असतं ते दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेल्या मुलाला इंग्रजी शिकवण्याचं कसब, आणि ते कमावण्याची संधी खानदेशातल्या शाळेत रोज मिळते. म्हणून आधी इथला वर्ग नीट शिकवायचा, मग तिकडचा.

आपली जमेची बाजू

शिंदखेडा किंवा साक्री तालुक्यातल्या पहिलीच्या वर्गाचा विचार करा. मूल घरी अहिराणी बोलतं. शाळेत त्याला पुस्तकातली मराठी भेटते, तीच त्याला थोडी परकी. वर इंग्रजी. यावल-रावेरकडे घरात लेवा बोली असते. शिरपूर आणि चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी. या मुलांशी पहिले काही आठवडे शिक्षिका हातवाऱ्यांनी, चित्रांनी, गाण्यांनी बोलते. मूल महिनाभर तोंड उघडत नाही, पण कान देऊन ऐकत असतं, आणि एके दिवशी अचानक पूर्ण वाक्य बोलून टाकतं. दुसरी भाषा शिकणाऱ्या लहान मुलांचा हा मौनाचा काळ जगभर सारखाच असतो. बँकॉकमधलं थाई मूल असो की दुबईतल्या शाळेतलं मल्याळी घरातलं मूल, वर्गातला प्रश्न तोच आहे.

तुम्ही स्वतः इंग्रजी शिकून घेतलेलं आहे. आधी कोणता शब्द सांगायचा, मूल कुठे अडखळेल, कशाची भीती वाटेल, हे तुम्हाला आठवतं. मुलाखतीत आणि अर्जात हे ठामपणे मांडा. 'मला इंग्रजी चांगलं येतं' यापेक्षा 'घरी इंग्रजीचा एकही शब्द न ऐकणाऱ्या तीस मुलांना मी वर्षभरात इथपर्यंत आणलं, ते असं' या वाक्याला जास्त वजन असतं. म्हणून आजपासून एक वही ठेवा. महिन्याच्या सुरुवातीला मुलं काय बोलत होती, शेवटी काय बोलू लागली, कोणता खेळ चालला, कोणता फसला, ते तारखेनिशी लिहा. वर्षभराची ही वही कोणत्याही प्रमाणपत्राच्या तोडीची ठरते.

कोणत्या देशात संधी, कुठे नाही

खानदेशातल्या केजी शिक्षिकेसाठी सर्वांत खात्रीची वाट आखाती देशांतल्या भारतीय शाळांची. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, सौदी अरेबिया इथे सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि त्यांत भारतीय शिक्षक लागतात. बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे भरतीची धावपळ आधीच्या हिवाळ्यात असते. पदवी आणि बी.एड. किंवा पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, शिवाय दोन वर्षांचा अनुभव, अशी मागणी साधारणपणे असते.

दुसरी वाट शेजारची. मालदीवमध्ये शालेय शिक्षणाचं माध्यमच इंग्रजी आहे आणि तिथल्या बेटांवरच्या शाळांत भारतीय शिक्षक कित्येक वर्षांपासून शिकवत आले आहेत. बेट लहान, माणसं मोजकी, करमणूक कमी, आणि पावसाळी हवेत होडीचा प्रवास, हे मनाशी धरूनच जावं. भूताननेही १९६०च्या दशकापासून भारतातून शिक्षक नेले. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण नोकरीसाठी परवाना लागतोच.

थायलंडमध्ये भारतीय शिक्षकांना संधी आहे, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा, कामाचा परवाना, आणि 'खुरुसापा' या तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून मिळालेली तात्पुरती सूट. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडून 'टॉइक' परीक्षेत ६०० गुणांची अपेक्षा असते. तिथलं शालेय वर्ष मे महिन्याच्या मध्याला सुरू होतं. व्हिएतनाममध्येही पदवी, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, स्वतःच्या इंग्रजीचा पुरावा, पोलिसांचा दाखला आणि आरोग्य तपासणी, या सगळ्यांवर कामाचा परवाना अवलंबून असतो.

दक्षिण कोरियाबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. तिथल्या खासगी इंग्रजी क्लासेससाठीचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीयांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे. भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात इंग्रजी विषयाची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आहे. म्हणजे बी.एड. झालेल्या इंग्रजीच्या पदवीधराला ही वाट आहे, नुसत्या 'स्पोकन इंग्लिश'वाल्याला नाही.

जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याच्या परवान्यासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तिकडे पैसे आणि वेळ घालवू नये. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी शाळेच्या दाखल्यावर माध्यमाचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना मुख्यतः इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. 'विद्यार्थी व्हिसावर या, शिकवायचं आम्ही बघतो' असं कुणी सांगितलं तर ते बेकायदा काम आहे आणि पकडलं तर दंड, अटक, हद्दपारी तुमच्या वाट्याला येते, सांगणाऱ्याच्या नाही.

अमेरिकेत जे-१ या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर शिक्षक तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी पदवीबरोबर दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि तो व्हिसा परत येण्यासाठीच दिलेला असतो. नियम सगळीकडे बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः वाचा. एजंटने पाठवलेला फोटो म्हणजे नियम नव्हे.

कागदांची कामं आधी उरका

नोकरी मिळते आणि कागद अडवतात, असं वारंवार होतं. त्यामुळे मुलाखतीची वाट न पाहता ही कामं सुरू करा.

पहिलं, पदवी प्रमाणपत्र. आपल्याकडे अनेकांकडे फक्त गुणपत्रकं असतात. दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरलेलाच नसतो, त्यामुळे प्रमाणपत्र हातात आलेलं नसतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे त्यासाठी रीतसर अर्ज करा. हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. त्याआधी पदवी घेतलेल्यांची कागदपत्रं पुणे विद्यापीठाची असतात, त्यांना तिकडे जावं लागेल. दहावी-बारावीच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत हवी असेल तर नाशिक विभागीय मंडळाकडे मागावी लागते.

दुसरं, नाव. खानदेशातल्या निम्म्या अडचणी इथे असतात. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, बी.एड.च्या प्रमाणपत्रावर सासरचं, आधारवर आडनाव एका स्पेलिंगने आणि पासपोर्टवर दुसऱ्याच. 'चौधरी' हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते आपण पाहतोच. परदेशातला कारकून पाटील-चौधरींना ओळखत नाही. त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. सगळे कागद टेबलावर मांडा, प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर एका कागदावर उतरवा, आणि फरक दिसला तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, गरज असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, असा पुरावा तयार ठेवा. पासपोर्ट काढतानाच नाव पदवीच्या कागदाशी जुळवून घेतलं तर पुढचा त्रास वाचतो.

तिसरं, पासपोर्ट आणि पोलिसांचा दाखला. जळगावच्या पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. धुळेकरांनी ऑनलाइन अर्ज भरताना जवळचं केंद्र निवडावं. पोलीस पडताळणी प्रमाणपत्रही पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मागता येतं. हे प्रमाणपत्र ताजं लागतं, म्हणून ते सर्वांत शेवटी काढा. पासपोर्टची मुदत कराराच्या मुदतीपेक्षा पुढची असावी.

चौथं, साक्षांकन. तुमची पदवी खरी आहे हे परदेशी सरकारला आपल्या सरकारने सांगावं लागतं. आधी राज्य सरकारची साक्ष, मग परराष्ट्र मंत्रालयाची. २००५ पासून भारत हेग करारात आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांसाठी मंत्रालयाचा 'अ‍ॅपोस्टिल' शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश या करारात नाही. तिथे मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. कोणत्या देशाला काय लागतं ते आधी ठरवा, नाहीतर एकाच कागदासाठी मुंबईच्या दोन खेपा होतात. मूळ पदवी प्रमाणपत्र कधीही कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती 'करून आण' म्हणून देऊ नका. अधिकृत केंद्रातच जमा करा आणि पावती घ्या.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत नोकरी असेल तर पाचवं काम आहे. पासपोर्टसाठी कार्यालयाला कळवणं आणि परदेशी नोकरीसाठी लेखी परवानगी व रजा मंजूर करून घेणं. विनापरवाना गैरहजर राहून गेलेल्या शिक्षकाची इथली नोकरी जाऊ शकते. तोंडी 'जाऊन या' याला काही अर्थ नाही.

स्वतःचं इंग्रजी आणि प्रमाणपत्र

इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम ढीगभर आहेत. परदेशी शाळा साधारण १२० तासांचं प्रमाणपत्र मागतात. ऑनलाइन सवलतीत चार दिवसांत मिळणारं प्रमाणपत्र कागद म्हणून चालूनही जाईल, पण वर्गात उभं राहिल्यावर त्याचा उपयोग होत नाही. ज्या अभ्यासक्रमात तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता आणि कुणी जाणकार मागे बसून पाहतो, तो निवडा. केंब्रिजच्या 'सेल्टा' अभ्यासक्रमात असं सहा तासांचं प्रत्यक्ष अध्यापन असतं. तो महाग आहे आणि त्याचा भर मोठ्यांना शिकवण्यावर आहे, हेही लक्षात घ्या. ज्यांना बालवर्गच शिकवायचा आहे त्यांनी पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका आधी करावी.

स्वतःच्या इंग्रजीचा पुरावा म्हणून आयईएल्टीएस ही परीक्षा देणार असाल तर तिचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो. त्यामुळे कागद जुळत आल्यावरच परीक्षा द्या.

उच्चारांवर मात्र रोज काम करा. परदेशी नकला करण्याची गरज नाही. भारतीय उच्चार जगाला समजतात. पण मराठी बोलणाऱ्यांच्या चार खोडी ठरलेल्या आहेत. 'शिप' आणि 'शीप' यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसला जातो. 'व्हॅन' आणि 'वन' यांतले दोन वेगळे ध्वनी आपण एकाच 'व'मध्ये बसवतो. 'झू' आणि 'जू' एक होतात. शब्दातला आघात सगळ्या अक्षरांवर सारखा पडतो, त्यामुळे 'बनाना' सपाट ऐकू येतं. लहान मूल शिक्षिकेच्या तोंडून ऐकतं तेच उचलतं, म्हणून हे महत्त्वाचं आहे. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, आणि एका आठवड्याला एकच खोड धरा.

नमुना पाठ: एका केळ्याचा

बहुतेक शाळा व्हिडिओ कॉलवर दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात. इथे आपल्याकडच्या चांगल्या शिक्षिकाही घसरतात, कारण सवयीने त्या फळ्याकडे वळतात, स्पेलिंग लिहितात आणि 'रिपीट आफ्टर मी' सुरू करतात. चार वर्षांच्या मुलाला स्पेलिंग लागत नाही. त्याला वस्तू लागते.

एक केळं घ्या. ते कापडी पिशवीत ठेवा. पिशवी हलवा, कान लावा, तोंडावर आश्चर्य आणा. अजून एक शब्दही बोलायचा नाही. मुलांना बाहेरून चाचपायला द्या. मग 'इज इट अ बॉल?' विचारा आणि स्वतःच मान हलवून 'नो' म्हणा. 'इज इट अ पेन्सिल?' पुन्हा 'नो'. तिसऱ्या प्रश्नाला मुलंच 'नो' ओरडतात. आता केळ्याचं टोक बाहेर काढा. 'बनाना!' मुलांनी तो शब्द न सांगता उचलला असतो. पुढे हावभाव: 'पील द बनाना' म्हणत सोला, 'कट द बनाना' म्हणत काप करा, 'वन, टू, थ्री' मोजा, 'ईट द बनाना' म्हणत खाऊन दाखवा. मग केळं बाजूला ठेवून मुलांना नुसत्या हातांनी हीच क्रिया तुमच्या सूचनेवर करायला सांगा. बोलायची सक्ती नाही. जो बोलेल तो बोलेल. शेवटी एखाद्या धीट मुलाला सूचना द्यायला पुढे बोलवा आणि तुम्ही त्याच्या सूचनेप्रमाणे करा.

या बारा मिनिटांत मुलांनी एक नाम, तीन क्रियापदं, मोजणी आणि प्रश्नाची चाल ऐकली, हातांनी केली आणि काहींनी बोलून दाखवली. ऐकून कृती करण्याची ही पद्धत जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शास्त्रशुद्ध मांडली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादला पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं घेऊन बालवाड्या चालवल्या. महागड्या साधनांवाचून मूल शिकतं, हे या मातीत सिद्ध झालेलं आहे. त्याच रीतीने दहा पाठ तयार करा: पाऊस, चप्पल, भाजीची टोपली, आगगाडी. आपल्या वर्गात घ्या, मोबाइलवर चित्रित करा, आणि कोणत्या मिनिटाला मुलांचं लक्ष उडालं ते स्वतः शोधा.

मुलांच्या सुरक्षिततेचे तिकडचे नियम कडक असतात. चापट, कान धरणं, कोपऱ्यात उभं करणं चालणार नाही. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तेव्हा ही सवय इथेच सोडावी. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवणं, पालकांना न विचारता खाऊ देणं, मुलाला एकट्याला खोलीत बसवणं, यावरून नोकरी जाऊ शकते.

एजंट आणि करार

दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरी लागत नाही. याचा दुसरा अर्थ असा की पदवीधर शिक्षिकेचा करार कुठलंही सरकारी कार्यालय तपासून पाहत नाही. तपासायचं काम तुमचंच.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकला की तो चालू आहे, रद्द झाला आहे की मुळात नाहीच, ते कळतं. एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. लाख-दोन लाख मागणारा, रोख मागणारा, पावती न देणारा, या तिघांनाही नकार द्या. दागिने गहाण ठेवून नोकरी विकत घेऊ नका. चांगली शाळा शिक्षकाकडून पैसे मागत नाही.

सगळ्यांत मोठा धोका पर्यटक व्हिसाचा. 'आधी या, तिथे आल्यावर बदलून देऊ' हे वाक्य ऐकलं की बोलणं थांबवा. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश दिला, पण पर्यटक म्हणून जाण्याच्या सोयीचा फायदा घेऊन त्याआधीपासूनच नोकरीच्या आमिषाने बँकॉकला नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार झाले. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल २०२२ पासून वेळोवेळी इशारे दिले आहेत. नोकरीचा व्हिसा हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही, हा नियम मोडू नका.

शाळेची खात्री करायलाही मार्ग आहेत. शाळेच्या संकेतस्थळावरचा दूरध्वनी शोधून स्वतः फोन करा. तिथे आज शिकवणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षिकेशी बोलायला मागा. सीबीएसई शाळा असेल तर मंडळाच्या यादीत तिचं नाव पाहा.

करार आल्यावर तो घाईने सही करून पाठवू नका. दोन दिवस घ्या आणि या गोष्टी पेन्सिलने खूण करत वाचा: मूळ वेतन किती आणि भत्ते किती, घर एकटीला की वाटून, तिकीट येतानाचंही आहे का, आठवड्याला किती तासिका, मोठ्या सुट्टीत पगार मिळतो का, आजारपणाचा विमा कोणाचा, परिविक्षाकाळ किती, मध्येच सोडलं तर काय भरावं लागतं. मूळ वेतनाकडे विशेष लक्ष द्या. अमिरातीत वर्षभर नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी सेवासमाप्तीची रक्कम मिळते. एकूण पगाराचा आकडा मोठा आणि मूळ वेतन लहान ठेवलं असेल तर शेवटी हाती कमी पडतं. पासपोर्ट शाळेने स्वतःजवळ ठेवणं तिथे बेकायदा आहे. कुणी मागितला तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा.

अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रार निवारण संकेतस्थळ आहे, आणि त्या देशातला आपला दूतावास आहे. पोहोचल्या आठवड्यातच दूतावासाचा पत्ता आणि तातडीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

घर, पैसा आणि बॅग

घरच्यांची काळजी खोटी नसते. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, असं आई-वडील म्हणतात. लहान मूल मागे ठेवून जायचं तर सासूबाईंवर भार येतो. हा विषय टाळू नका. करार, शाळेचा पत्ता, राहण्याची जागा, व्हिसाची प्रत, दूतावासाचा क्रमांक हे सगळं एका फाइलमध्ये घालून घरी द्या आणि त्यातला प्रत्येक कागद घरातल्या एका तरी माणसाला समजावून सांगा. महिन्याला किती पैसे पाठवणार हेही जाण्याआधीच ठरवा. पहिले दोन-तीन महिने पैसे येणार नाहीत, असं आधीच सांगितलं तर गैरसमज होत नाहीत.

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. तिकडची कमाई एनआरई खात्यात, इथलं भाडं किंवा शेतीचे पैसे एनआरओ खात्यात, अशी सोय करा. नोकरीसाठी बाहेर गेलेली व्यक्ती त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिली तर प्राप्तिकरासाठी ती अनिवासी ठरते, म्हणून जाण्याच्या तारखेला महत्त्व आहे. गावातल्या करसल्लागाराला जाण्याआधीच भेटा.

बॅगेत खानदेशी काळा मसाला भरताना एक गोष्ट नक्की पाहा. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. मसाल्यात खसखस घातली असेल, दिवाळीचे अनारसे असतील, तर ते नेऊ नका. यावरून माणसं अडकली आहेत. खोकल्याची काही औषधं आणि तीव्र वेदनाशामक गोळ्याही तिथे निषिद्ध आहेत. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि त्या देशाची यादी तपासूनच घ्या. खाऊच्या जागी मुलांना दाखवायला काही न्या: कापडी बाहुली, भवरा, घरच्या बैलजोडीचा फोटो. वर्गात त्यांचा उपयोग कुठल्याही चकचकीत फ्लॅशकार्डपेक्षा जास्त होतो.

परतीची तयारी जाण्याआधी

दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले अनेक जण परतीचा मार्ग न आखल्यामुळे अडकतात. जाण्याआधी टीईटी उत्तीर्ण व्हा. तिचं प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे, त्यामुळे ते परत येईपर्यंत टिकतं. सरकारी भरतीची वयोमर्यादा आणि तुमचं वय मांडून पाहा. तिकडची शाळा सोडताना अनुभवाचा दाखला पूर्ण तारखा, वर्ग आणि विषय यांसह घ्या, आणि आवश्यक तिथे तो साक्षांकित करून आणा. नंतर मागितला तर महिनोन् महिने जातात. त्या देशाचा पोलिसांचा दाखलाही निघण्याआधीच काढा.

आता वर्षाची आखणी. पहिल्या तीन महिन्यांत पदवी प्रमाणपत्र, नावांची जुळणी आणि पासपोर्ट. पुढच्या तीन महिन्यांत शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि उच्चारांचा सराव. त्यानंतर साक्षांकन, दहा नमुना पाठ आणि टीईटी. शेवटच्या टप्प्यात इंग्रजीची परीक्षा, अर्ज, मुलाखती, करार, पोलिसांचा दाखला. या सगळ्या काळात आपला वर्ग आणि वही चालूच ठेवा. एजंट, व्हिसा, नशीब यांपैकी काही तुमच्या हातात नाही. वर्ग आहे. वर्षअखेरीला परदेशाचं जमलं तर तुम्ही तयार असाल. नाही जमलं, तरी जळगाव-धुळ्यातल्या तीस मुलांना त्या वर्षी चांगली इंग्रजी शिक्षिका मिळालेली असेल, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज आणखी भक्कम झालेला असेल.